टर्मिनलमधला मीडिया प्लेअर: पखवाजाच्या तालमीपासून मंडपातल्या स्पीकरपर्यंत

सिंधुदुर्गात किंवा दक्षिण रत्नागिरीत डबलबारीचा, म्हणजे दोन भजनी बुवांमधला, सामना झाला की त्याचे रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी वाडीवाडीतल्या मोबाइलवर पोहोचलेले असते. तीन-चार तासांची ती एकच फाइल असते आणि पखवाज शिकणाऱ्या मुलाला त्यातले हवे असतात फार तर चाळीस सेकंद: बुवांनी गजर चढवत नेला आणि पखवाजवाल्याने तिहाई (तोच बोल तीनदा) घेऊन तो समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून सोडला, तेवढेच. ते चाळीस सेकंद नेमके सापडावेत, थोडे संथ करून ऐकता यावेत आणि बोल हातात बसेपर्यंत आपोआप पुन्हापुन्हा वाजत राहावेत, एवढीच त्याची गरज असते. मोबाइलवरच्या प्लेअरमध्ये चार तासांची फाइल वीतभर पट्टीवर मावलेली असते आणि त्या पट्टीवर बोट केसभर सरकले तरी दोन-तीन मिनिटे निघून जातात. ज्या प्लेअरला खिडकी, पट्टी किंवा चित्रांची बटणे यांपैकी काहीही लागत नाही आणि जो केवळ लिहिलेल्या आदेशांवर व कीबोर्डवर चालतो, तो या कामाला अधिक बरा पडतो.

अशा प्लेअरला कमांड-लाइन मीडिया प्लेअर म्हणतात, आणि संगणकाला आदेश लिहून देण्याच्या साध्या मजकुराच्या पडद्याला टर्मिनल. असे प्लेअर बरेच आहेत. येथे मुख्यतः ‘एमपीव्ही’ समोर ठेवला आहे, कारण तो मोफत व मुक्त आहे, लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर चालतो, आणि ऑडिओ व व्हिडिओ दोन्ही वाजवतो. पुढचे सारे आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत आणि दाखवलेल्या जोडरेघांसह टाइप करायचे आहेत.

हा प्लेअर समजून घेताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. वाजवणे आणि दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत. फाइल उघडून तिच्यातले आवाजाचे आणि चित्राचे प्रवाह सुटे करायचे, दाबून लहान केलेली माहिती पुन्हा उलगडायची, आवश्यक तर तिच्यावर काही प्रक्रिया करायची आणि शेवटी आवाज साउंड कार्डाकडे व चित्र पडद्याकडे वेळेत धाडायचे, हे झाले वाजवणे. खिडकी, पट्टी आणि बटणे ही त्यावर चढवलेली सजावट असते. एमपीव्हीमध्ये उलगडण्याचे काम ‘एफएफएमपेग’ या संचातले घटक करतात. त्या संचाची सुरुवात २००० साली फाब्रिस बेलार यांनी केली आणि आज असंख्य प्लेअरांच्या पोटात तोच संच असतो. त्याच वर्षी हंगेरीच्या आर्पाद गेरोफी यांनी ‘एमप्लेअर’ सुरू केला. एमपीव्ही ही त्याच घराण्यातली, २०१२-१३ च्या सुमारास वेगळी झालेली शाखा आहे. एखादी फाइल खिडकीवाल्या प्लेअरमध्ये वाजते आणि टर्मिनलमध्ये वाजत नाही, असे सहसा होत नाही, त्याचे कारण हाच सामायिक संच.

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल एमपीव्ही’ असे लिहून प्लेअर बसवला की टर्मिनल उघडून प्लेअरचे नाव, एक मोकळी जागा आणि फाइलचे नाव एवढे लिहून एंटर दाबायचे. फाइलच्या नावात मोकळ्या जागा असतील, आणि मोबाइलवरून आलेल्या फाइलींत त्या हमखास असतात, तर पूर्ण नाव अवतरणचिन्हांत घालावे लागते, अन्यथा ‘गजर’ ही एक फाइल आणि ‘नवीन’ ही दुसरी, असा अर्थ लावून प्लेअर दोन्ही सापडत नसल्याची तक्रार करतो. यावर सोपा उपाय असा की नावाची पहिली एक-दोन अक्षरे लिहून टॅब दाबावे. उरलेले नाव टर्मिनल स्वतः पूर्ण करते. देवनागरी नावेही चालतात.

वाजायला लागले की टर्मिनलच्या तळाशी एक ओळ सतत बदलत राहते. ती नीट वाचता आली की अर्धे काम झाले, असे माझे मत आहे. केवळ आवाज असेल तर ती ओळ अशी दिसते:

ए: ००:४४:२० / ०३:४१:०७ (२०%)

आरंभीचा ‘ए’ म्हणजे ऑडिओ. व्हिडिओही चालू असेल तर तेथे ‘एव्ही’ दिसते. त्यानंतर झालेला वेळ, तिरक्या रेघेपुढे एकूण वेळ आणि कंसात टक्केवारी. व्हिडिओ असताना याच ओळीत पुढे आवाज आणि चित्र यांच्यातला फरक सेकंदांत येतो. तो शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. जुन्या लॅपटॉपला चित्र उलगडणे झेपेनासे झाले की त्यापुढे ‘ड्रॉप्ड’ हा शब्द आणि एक वाढता आकडा दिसू लागतो, म्हणजे तितकी चित्रे प्लेअरने दाखवण्यावाचून सोडून दिली. अशा वेळी ‘--एचडब्ल्यूडेक=ऑटो’ हा पर्याय देऊन चित्राचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवून पाहावे. आणि मुळात पखवाजच ऐकायचा असेल तर ‘--नो-व्हिडिओ’ लिहावे. मग चित्राला हातच लावला जात नाही आणि दोन जीबी मेमरीचा दहा वर्षांपूर्वीचा संगणकही कुरकुर न करता चालतो.

दोन जोडरेघांनी सुरू होणाऱ्या या शब्दांना पर्याय म्हणतात, आणि ते प्लेअरच्या नावानंतर, फाइलच्या नावाच्या आधी किंवा मागे कुठेही लिहिता येतात. आपल्या विद्यार्थ्याला गजर एक तास बावन्न मिनिटे दहा सेकंदांवर सुरू होतो हे एकदा कळले की त्याने पुढील आदेश लिहावा:

एमपीव्ही --नो-व्हिडिओ --स्टार्ट=१:५२:१० --लेंग्थ=४० सामना.एमपी४

पट्टीवर बोट सरकवत बसण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हा आदेश वहीत उतरवून किंवा मेसेजमधून मित्राला पाठवून त्याच्याही संगणकावर तंतोतंत तेच चाळीस सेकंद वाजवता येतात. माझ्या दृष्टीने या जातीच्या प्लेअरचे खरे सामर्थ्य येथे आहे: येथे प्रत्येक कृती शब्दांत असते, आणि जे शब्दांत असते ते लिहून ठेवता येते, दुसऱ्याला देता येते, ठरल्या वेळी करवून घेता येते आणि दूर बसूनही सांगता येते. पुढे जे येते ते सगळे याच एका गोष्टीतून निघते.

वाजत असताना मात्र आदेश लिहीत बसायला सवड नसते, म्हणून तेथे कीबोर्डवरची एकेक बटणे कामाला येतात. स्पेसबारने थांबते आणि पुन्हा सुरू होते. उजव्या-डाव्या बाणांनी पाच सेकंद, वरच्या-खालच्या बाणांनी एक मिनिट, आणि शिफ्ट धरून उजव्या-डाव्या बाणांनी एक सेकंद पुढेमागे जाता येते. ‘९’ ने आवाज कमी आणि ‘०’ ने जास्त होतो, ‘एम’ ने बंद होतो. ‘क्यू’ ने प्लेअर मिटतो. लहान आणि मोठे अक्षर यांत फरक आहे: लहान ‘एल’चे काम निराळे आणि शिफ्टसह ‘एल’चे निराळे, त्यामुळे कॅप्स लॉक चुकून चालू राहिले तर प्लेअर वेड्यासारखा वागतो असे वाटते.

मराठी माणसाला येथे आणखी एक अडचण येते, जिचा उल्लेख इंग्रजी माहितीपुस्तिकांत ठळकपणे सापडणार नाही. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्ट मांडणीवर राहिला असेल तर ‘पी’च्या बटणातून ‘ज’ उमटतो आणि ‘एल’च्या बटणातून ‘त’. टर्मिनलमध्ये प्लेअरला तेच अक्षर मिळते आणि ‘त’ला कोणतेही काम नेमलेले नाही, अशा अर्थाची एक ओळ तो छापतो, वाजणे तसेच चालू राहते. बाण आणि स्पेसबार काम करतात पण अक्षरे करत नाहीत, असे झाले तर आधी मांडणी तपासावी. कायमचा इलाज पुढे येतोच.

आता तालमीसाठी सर्वांत उपयोगी पडणारे बटण पाहू. वाजत असताना जेथून गजराचा हवा तो तुकडा सुरू होतो तेथे ‘एल’ एकदा दाबावे. ती पहिली खूण. तुकडा संपतो तेथे पुन्हा ‘एल’ दाबावे. ती दुसरी खूण. त्या क्षणापासून प्लेअर दोन खुणांच्या मध्येच फिरत राहतो, तिसऱ्यांदा ‘एल’ दाबले की खुणा पुसल्या जातात आणि रेकॉर्डिंग पुढे सरकते. खूण करताना हात एखाद्या मात्रेने चुकतोच, म्हणून शिफ्ट व डाव्या बाणाने सेकंदभर मागे येऊन ती करणे सोयीचे असते. एकदा नेमकी वेळ सापडली की तीच खूण ‘--एबी-लूप-ए’ आणि ‘--एबी-लूप-बी’ या पर्यायांनी आदेशातही लिहिता येते, आणि तेथे सेकंदाचा दशांशही चालतो.

गती बदलण्यासाठी चौकटी कंस आहेत. डाव्या चौकटी कंसाने गती सुमारे दहा टक्क्यांनी उतरते, उजव्याने तितकीच चढते. महिरपी कंसांनी ती निम्मी किंवा दुप्पट होते. बॅकस्पेसने मूळ गती परत येते. गती उतरली तरी पेटीचा सूर उतरत नाही, कारण प्लेअर आवाजाचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर थोडेथोडे चढवत किंवा लांबवत जोडतो आणि सूर जागच्या जागी ठेवतो. पूर्वी टेपची गती कमी केली की गायकाचा आवाज घोगरा होत असे, तो प्रकार येथे नाही. मात्र या युक्तीला मर्यादा आहे, आणि ती नेमकी पखवाजावर उघडी पडते. गाण्याचा स्वर लांबवला तर कानाला फारसे खटकत नाही. पण थापेचा आघात हा क्षणभराचा असतो, तो लांबवता येत नाही, आणि गती निम्मी केली की ‘धा’च्या आघाताला एक पुसट जोडआवाज येऊ लागतो. म्हणून निम्म्यावर न जाता ‘--स्पीड=०.७५’ वर थांबावे, असे मी सुचवीन. तेवढ्या गतीत द्रुत लयीतले बोलही सुटे ऐकू येतात आणि आघातही स्वच्छ राहतो.

सुराचे म्हणाल तर तोही बदलता येतो. रेकॉर्डिंगमधल्या बुवांची पट्टी काळी चार आणि आपल्या मंडळातल्या गायकाची पांढरी पाच असेल, तर सोबत म्हणून सराव करताना रेकॉर्डिंग एका स्वरांतराने खाली आणावे लागते. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे कंपनसंख्येत साधारण १.०५९५ पट; म्हणून एक पट्टी चढवायची तर ‘--एएफ=रबरबँड=पिच-स्केल=१.०५९५’ असे लिहायचे, आणि उतरवायची तर १ ला याच संख्येने भागून येणारे ०.९४३८ लिहायचे. रबरबँड हे गाळणे (आवाजावर प्रक्रिया करणारा फिल्टर) प्रत्येक ठिकाणच्या एमपीव्हीमध्ये घातलेले असतेच असे नाही. नसेल तर प्लेअर तसे स्पष्ट सांगून थांबतो.

व्हिडिओच्या बाबतीत पुढेमागे जाण्याची एक गंमत आहे. जत्रेत रात्रभर चाललेल्या दशावतारी नाटकाचे मोबाइलवर केलेले चित्रण पाहताना उजवा बाण दाबला तर कधी पाच सेकंद पुढे जाते, कधी सात, आणि डावा बाण दाबला तर कधी अपेक्षेपेक्षा बरेच मागे जाऊन पडते. यात प्लेअर बिघडलेला नसतो. व्हिडिओ फाइलमध्ये प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसते. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र ठेवतात आणि मधल्या चित्रांसाठी आधीच्या चित्रात काय बदलले एवढेच नोंदवतात, कारण त्यामुळे फाइल पुष्कळ लहान होते. मधल्याच चित्रावर उडी मारायची तर आधीच्या पूर्ण चित्रापासून तेथपर्यंतचे सारे बदल हिशेबात घ्यावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून साधा बाण वेळ वाचवण्यासाठी जवळच्या पूर्ण चित्रावर थांबतो. शिफ्टसह बाण दाबला की प्लेअर तो हिशेब पूर्ण करतो आणि नेमक्या सेकंदावर येतो. संकासुराच्या प्रवेशातली एखादी मुद्रा निरखायची असेल तर पूर्णविरामाच्या बटणाने एकेक चित्र पुढे आणि स्वल्पविरामाने एकेक चित्र मागे जाता येते. मागे जाणे सावकाश होते, त्याचेही कारण वर सांगितले तेच.

रात्रभराचे नाटक कोणी एका बैठकीत पाहत नाही. ‘क्यू’ ऐवजी शिफ्टसह ‘क्यू’ दाबून प्लेअर मिटवला तर तो थांबल्याची जागा टिपून ठेवतो आणि तीच फाइल पुन्हा उघडली की तेथूनच सुरू होतो. यात कोकणातल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी घात होतो. पहिला असा की ही नोंद मिटवताना होते. वीज एकाएकी गेली आणि संगणकाला बॅटरी नसली तर नोंदच होत नाही. त्यासाठी ‘राइट-वॉच-लेटर-कॉन्फिग’ हा आदेश एखाद्या बटणाला जोडून ठेवावा, म्हणजे न मिटवताही अधूनमधून जागा टिपता येते. दुसरा घात पेनड्राइव्हचा. प्लेअर फाइल ओळखतो ती तिच्या पूर्ण पत्त्यावरून, आणि तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या वेळी वेगळ्या नावाने जोडला गेला तर पत्ता बदलतो व टिपलेली जागा सापडत नाही. ‘--इग्नोर-पाथ-इन-वॉच-लेटर-कॉन्फिग’ या लांबलचक पर्यायाने पत्ता बाजूला ठेवून केवळ फाइलच्या नावावरून ओळख पटवली जाते.

एवढे लांब पर्याय दरवेळी लिहिणे कोणालाही आवडणार नाही, आणि लिहावेही लागत नाहीत. लिनक्सवर आपल्या होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ या लपवलेल्या फोल्डरात ‘एमपीव्ही’ नावाचे फोल्डर करून त्यात ‘एमपीव्ही.कॉन्फ’ ही साधी मजकुराची फाइल ठेवावी आणि एका ओळीत एक याप्रमाणे, सुरुवातीच्या दोन जोडरेघा गाळून, पर्याय लिहावेत. प्लेअर सुरू होताना ते आपोआप लागू होतात. त्याच्याच शेजारी ‘इनपुट.कॉन्फ’ ही दुसरी फाइल असते, जिच्यात प्रत्येक ओळीवर आधी बटण आणि मग त्याचे काम लिहितात. मराठी मांडणीचा कायमचा इलाज येथे आहे: बटणाच्या जागी कोणतेही युनिकोड अक्षर चालते, त्यामुळे ‘त’ लिहून पुढे ‘एबी-लूप’ आणि ‘ज’ लिहून पुढे ‘सायकल पॉज’ असे लिहिले की इन्स्क्रिप्ट मांडणीतही तीच बटणे तीच कामे करतात. कोणत्या बटणाला काय जोडले आहे हे विसरायला झाले तर ‘--इनपुट-टेस्ट --फोर्स-विंडो --आयडल’ या तीन पर्यायांनी प्लेअर सुरू करावा. मग बटण दाबले की तो काम न करता त्याला काय जोडले आहे ते सांगतो.

गाण्यांची यादी हीसुद्धा साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एका फाइलचे नाव, आणि यादीच्या स्वतःच्या नावाशेवटी ‘.एम३यू’. नुसता तारा टाकून फोल्डरमधल्या सगळ्या फाइली वाजवता येतात, पण मग क्रम अक्षरानुसार लागतो आणि ‘१०’ हा आकडा ‘२’च्या आधी येतो, गणपतीच्या आरत्यांत असे झाले तर मंत्रपुष्पांजली मध्येच सुरू होऊन सगळेच अवघडून उभे राहतात. म्हणून फाइलींना ‘०१’, ‘०२’ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत किंवा यादी लिहावी. यादीत ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ प्लेअर वाजवायला घेत नाही, तेव्हा ‘येथे नैवेद्यासाठी थांबणे’ असे स्वतःसाठी लिहून ठेवता येते. वेगवेगळ्या मोबाइलवर केलेली रेकॉर्डिंगे लहानमोठ्या आवाजाची असतात; ‘--एएफ=लाउडनॉर्म’ या गाळण्याने ती बऱ्याच अंशी एका पातळीवर येतात, मात्र त्याचा भार जुन्या यंत्राला जाणवतो.

आता मंडपाकडे वळू. सार्वजनिक गणपतीत संगणक स्पीकरच्या ॲम्प्लिफायरजवळ, म्हणजे बहुधा पडद्यामागे असतो, आणि ज्याने तो हाताळायचा तो पुढे माणसांत असतो. येथे ‘एसएसएच’ उपयोगी पडते: मोबाइलवर ‘टर्मक्स’ हे ॲप घालून, मंडपातल्या वायफायवरून त्या संगणकाचे टर्मिनल मोबाइलच्या पडद्यावर आणता येते. यासाठी इंटरनेट लागत नाही, दोन्ही यंत्रे एका वायफायवर असली की पुरे, आणि हे कोकणातल्या अनेक वाड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अडचण एवढीच की मोबाइल लांब गेला आणि जोडणी तुटली की त्या टर्मिनलमध्ये सुरू केलेला प्लेअरही बंद पडतो. म्हणून प्लेअर ‘टीमक्स’ या प्रोग्रॅमच्या आत सुरू करतात. तो टर्मिनल जिवंत ठेवतो आणि पुन्हा जोडणी झाली की आहे तेथून समोर आणतो.

याहून नेटकी रीत म्हणजे प्लेअरला बाहेरून निरोप घेण्यासाठी एक दार ठेवणे. सुरू करताना ‘--इनपुट-आयपीसी-सर्व्हर=’ असे लिहून पुढे एका फाइलचा पत्ता दिला की त्या ठिकाणी सॉकेट तयार होते, आणि त्यात जे लिहावे ते प्लेअर आदेश म्हणून वाचतो. सोबत ‘--आयडल’ दिले तर वाजवायला काही नसतानाही प्लेअर न मिटता निरोपाची वाट पाहत राहतो. निरोप पोचवायला ‘सोकॅट’ हा छोटा प्रोग्रॅम पुरतो:

एको 'सायकल पॉज' | सोकॅट - /होम/मंडळ/सॉकेट

एवढ्याने वाजत असलेले थांबते आणि थांबलेले वाजू लागते. ‘ॲड व्हॉल्यूम -५’ लिहिले तर आवाज पाचाने उतरतो, ‘प्लेलिस्ट-नेक्स्ट’ने पुढची आरती लागते, ‘लोडफाइल’ आणि नाव लिहिले तर नवी फाइल सुरू होते. ‘इनपुट.कॉन्फ’मध्ये बटणांपुढे जे आदेश लिहितात तेच येथे चालतात, त्यामुळे नवे काही शिकावे लागत नाही. प्लेअरला काही विचारायचे असेल, म्हणजे आता किती वाजून झाले किंवा आवाज कितीवर आहे, तर निरोप ‘जेसन’ नावाच्या महिरपी कंसांच्या मांडणीत लिहावा लागतो आणि उत्तरही त्याच मांडणीत येते. उत्तरात ‘एरर’ असा शब्द दिसला म्हणून दचकू नये. त्याच्यापुढे ‘सक्सेस’ लिहिलेले असले तर काम फत्ते झालेले असते. ही मांडणी ज्याने ठरवली त्याने नवख्यांचा थोडा विचार करायला हरकत नव्हती.

या सॉकेटला पासवर्ड नसतो. त्या फाइलवर ज्याला लिहिता येते तो प्लेअरला काहीही सांगू शकतो, अगदी संगणकावरचा दुसरा प्रोग्रॅम सुरू करायलाही. म्हणून ती सर्वांच्या वापराच्या तात्पुरत्या फोल्डरात न ठेवता स्वतःच्या होम फोल्डरात ठेवावी आणि कोणत्याही युक्तीने थेट नेटवर्कवर उघडी करू नये. दुरून निरोप द्यायचा तो एसएसएचमधूनच द्यावा.

निरोप शब्दांत असल्यामुळे तो घड्याळाकडूनही देववता येतो, आणि मंडपात याची खरी गरज पडते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत मोकळीक देऊ शकते, पण ते दिवस ठरलेले असतात. गर्दीत घड्याळाकडे लक्ष राहीलच असे नाही. लिनक्समधल्या, ठरल्या वेळी कामे करवून घेणाऱ्या ‘क्रॉन’च्या यादीत ‘५५ २१ * * *’ असे लिहून त्याच ओळीत पुढे सोकॅटचा ‘सेट पॉज येस’ हा निरोप लिहिला की रोज रात्री ९ वाजून ५५ मिनिटांनी प्लेअर आपोआप थांबतो. पहिला आकडा मिनिटांचा आणि दुसरा तासांचा, हा क्रम उलटा वाटला तरी तसाच आहे. क्रॉनकडून प्लेअर थांबवणे सहज जमते, सुरू करणे मात्र अनेकदा जमत नाही, आणि पुष्कळांची येथे गाडी अडते. कारण असे की क्रॉनने सुरू केलेल्या प्रोग्रॅमला आपल्या लॉगिनमधल्या आवाजाच्या व्यवस्थेचा पत्ता ठाऊक नसतो. प्लेअर सुरू होतो पण आवाज फुटत नाही. थांबवताना तो प्रश्न येत नाही, कारण क्रॉन केवळ सॉकेटमध्ये चार शब्द लिहितो आणि आवाजाशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून सकाळी प्लेअर हाताने ‘--आयडल’वर सुरू करून ठेवावा आणि सुरू करण्याचा निरोपही ‘लोडलिस्ट’च्या रूपाने सॉकेटमधूनच द्यावा.

सर्व ठीक असूनही स्पीकर मुका राहिला तर बहुतेक वेळा आवाज भलत्याच वाटेने गेलेला असतो, विशेषतः संगणकाला एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असला म्हणजे. ‘--ऑडिओ-डिव्हाइस=हेल्प’ लिहिले की उपलब्ध वाटांची यादी मिळते; त्यातली हवी ती ‘हेल्प’च्या जागी लिहावी. मंडपासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेण्याचा विचार असेल तर एवढे पाहावे की पाय ४ वर ॲम्प्लिफायरची पिन बसेल असे ३.५ मिलिमीटरचे सॉकेट आहे, पाय ५ वर ते नाही, आणि तेथे यूएसबीचे वेगळे साउंड कार्ड लागते.

देवळात बारा महिने सकाळ-संध्याकाळ भजने लावायची असतील आणि तीन-चार जणांनी आपापल्या मोबाइलवरून ती हाताळायची असतील, तर एमपीव्हीला ओढूनताणून त्या कामाला जुंपण्यापेक्षा ‘एमपीडी’ हा दुसरा प्लेअर घ्यावा. तो मुळातच पडद्याआड सेवेसारखा चालतो, ६६०० क्रमांकाच्या पोर्टवर निरोप घेतो, त्याला पासवर्ड लावता येतो, आणि वीज गेली-आली तरी यादी व जागा आठवणीत ठेवण्याची व्यवस्था त्यात आहे. ‘एमपीसी टॉगल’, ‘एमपीसी नेक्स्ट’ असे, ‘एमपीसी’ या सोबतच्या छोट्या प्रोग्रॅमने दिलेले दोन शब्दांचे आदेश त्याला पुरतात, आणि टर्मिनल नको असणाऱ्यांसाठी त्याची मोबाइल ॲपही आहेत. तो व्हिडिओ दाखवत नाही आणि तुकडा फिरवत ठेवण्याची एमपीव्हीसारखी सोय त्यात नाही, त्यामुळे पखवाजाच्या तालमीला तो उपयोगाचा नाही.